आमाशयातील अम्लाचा पहारा

कयाधूला पूर आला, विहिरींचे पाणी गढूळले, की हिंगोली जिल्ह्यातील आपल्या दवाखान्यांत अतिसाराचे रुग्ण वाढू लागतात. पाणी कोठले पिता, बाहेर काय खाल्ले, हे आपण विचारतो. आम्लपित्तावर रोज कोणती गोळी घेता, हे मात्र क्वचितच. प्रश्नपरीक्षेत तो प्रश्न आधी यावा, असे आमचे मत आहे.

निरोगी आमाशयाचा उपाशीपोटी पीएच सुमारे १.५ ते ३.५ असतो. अन्नपाण्यातून येणारे बहुतेक जंतू तेथेच नष्ट होतात. पटकीचा जंतू तर अम्लापुढे फारच दुबळा. (हेलिकोबॅक्टर पायलोरी अमोनिया निर्माण करून टिकतो, तो अपवाद.) ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांनी पीएच दीर्घकाळ ४ च्या वर राहिल्यास साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांना वाट मिळते. मुखातील जंतूही आमाशयात वाढतात, काहींच्या लहान आतड्यातही जंतूंची वाढ होते. मग आध्मान होते आणि रुग्ण आणखी एक पट्टी विकत घेतो!

केवळ आधुनिक औषधांकडे बोट दाखवून भागणार नाही. शंखभस्म, प्रवाळपिष्टी हीही अम्ल शमवितातच. परिणाम अल्पकालीन, इतकेच. अग्नी न पाहता तीही महिनोन्महिने देऊ नयेत.

औषधविक्रेते बंधूंनी चिठ्ठीशिवाय या पट्ट्या देण्याचे थांबवावे. मात्र रक्तस्रावी व्रणाच्या किंवा नित्य वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णाची गोळी आपण परस्पर बंद करू नये. एकाएकी थांबविल्यास अम्ल उसळते. मूळ चिकित्सकाशी बोलूनच मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी.