कलम 18 : महाराष्ट्र विधिमंडळास अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
मा. सभापती, महाराष्ट्र विधान परिषद
आणि उभय सभागृहांचे सन्माननीय सदस्य

विषय : महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कबुलीजबाबाचे कलम रद्द करण्याविषयी

2025 च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रात तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आणि त्या एकत्र ठेवून वाचण्याचे काम विधिमंडळाबाहेर फारसे कोणी केले नाही, विधिमंडळातही झाले नाही. 10 आणि 11 जुलै रोजी दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचे आणि तिच्याशी संबंध ठेवणाऱ्यास तुरुंगात पाठवण्याचे व्यापक अधिकार ते शासनाला देते. 21 जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल गाड्यांतील साखळी बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व 12 जणांना निर्दोष ठरवले, आणि 31 जुलै रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींची मुक्तता केली. विधान परिषदेने नव्या विधेयकावर मोहोर उमटवली तो दिवस लोकल स्फोटांचा एकोणिसावा स्मृतिदिन होता. त्या स्फोटांच्या तपासासाठी वापरलेल्या जुन्या कायद्याने एकोणीस वर्षांत काय साधले, हा प्रश्न त्या दिवशी सभागृहात विचारला जायला हवा होता. तो या पत्रातून विचारला जात आहे.

भय खोटे नव्हते, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी, कचेऱ्या सुटून माणसे घराकडे निघालेली असताना, पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सुमारे अकरा मिनिटांच्या अवधीत स्फोट झाले, त्यात 180 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले आणि 800 हून अधिक जखमी झाले. ज्या शहराचे सारे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे, त्या शहरात वरच्या फळीवर ठेवलेल्या प्रत्येक बेवारस पिशवीकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या त्या बहुतांशी कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नाही म्हणून. अशा वेळी आरोपी पकडले जावेत, लवकर पकडले जावेत, असे लोकांना वाटणे स्वाभाविक आणि न्याय्य होते. या मागणीला राज्ययंत्रणेने कोणत्या हत्याराने उत्तर दिले, हा विधिमंडळाच्या अखत्यारीतील विषय आहे, कारण ते हत्यार विधिमंडळानेच घडवले आहे.

हे हत्यार म्हणजे 1999 चा उपरोक्त अधिनियम, ज्याला सर्वत्र मकोका म्हटले जाते. मुंबईतील खंडणीखोर टोळ्या मोडून काढण्यासाठी तो केला गेला, परंतु संघटित गुन्हेगारीच्या त्याच्या व्याख्येत बंडाळीला चालना देण्याचाही समावेश असल्यामुळे पुढे तो बॉम्बस्फोटांच्या खटल्यांना लावला गेला. या अधिनियमाचे कलम 18 असे सांगते की, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मुंबईत पोलीस उपायुक्तासमोर, आरोपीने दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाईल. कबुलीजबाब म्हणजे गुन्हा आपण केला असे आरोपीने स्वतः दिलेले निवेदन. देशाच्या सर्वसाधारण कायद्यात पोलिसासमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेला हा निर्बंध 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या कलम 25 मध्ये कायम झाला आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो टिकून आहे. परकीय राजवटीला एतद्देशीय आरोपींविषयी विशेष जिव्हाळा होता म्हणून हा निर्बंध आला असे कोणी म्हणणार नाही. कोठडीत मारहाण करून वदवून घेतलेल्या कबुलीवर विसंबले की खरा गुन्हेगार सुटतो, हे त्या राजवटीच्या प्रशासकांनाही अनुभवाने कळले होते. ज्याला खरोखर कबुली द्यायची आहे त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जाऊन ती देण्याचा मार्ग तेव्हाही होता आणि आजही आहे.

टाडा या 1987 च्या केंद्रीय कायद्याने आणि 2002 च्या पोटा कायद्याने हा निर्बंध दहशतवादाच्या खटल्यांपुरता उठवला होता. टाडा 1995 मध्ये संपुष्टात आला आणि पोटा 2004 मध्ये रद्द झाला. त्यानंतर दहशतवादविषयक तरतुदी संसदेने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमात म्हणजे यूएपीएमध्ये आणल्या, आणि जामीन जवळजवळ अशक्य करण्याइतका तो कायदा पुढे कठोर केला, तरी पोलिसासमोरच्या कबुलीची तरतूद मात्र त्यात घातली नाही. संसदेने जे टाकून दिले ते महाराष्ट्राने जपून ठेवले आहे, आणि याचे समर्थन गेल्या वीस वर्षांत उभय सभागृहांत कोणी सविस्तर मांडल्याचे दिसत नाही.

लोकल स्फोटांच्या तपासात मकोका लागू झाल्यावर 11 आरोपींचे कबुलीजबाब पोलीस उपायुक्तांसमोर नोंदले गेले. आरोपींनी ते नंतर नाकारले, आपला छळ झाल्याचे सांगितले, तरी विशेष न्यायालयाने 2015 मध्ये या कबुलीजबाबांवर मोठी भिस्त ठेवून पाच जणांना फाशीची आणि सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तेरावा आरोपी नऊ वर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटला. उच्च न्यायालयात हे सारे टिकले नाही. कबुलीजबाबांमधील मजकूर ठिकठिकाणी सारखाच असल्याचे, छळाच्या आरोपांना दुजोरा देणाऱ्या बाबी नोंदींत असल्याचे, ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच नसल्याचे आणि स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला गेला हेही अभियोग पक्ष सिद्ध करू न शकल्याचे न्यायालयाने दाखवून दिले. या निकालातील एक विचार विधिमंडळाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे: गुन्ह्याची उकल झाल्याचा खोटा देखावा समाजाला फसवे समाधान देतो आणि खरा धोका मोकळाच राहतो, असे न्यायमूर्तींनी म्हटले आहे. राज्य शासनाने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली असून, अन्य खटल्यांत तो पूर्वोदाहरण म्हणून वापरला जाऊ नये असे त्या न्यायालयाने 24 जुलै 2025 रोजी सांगितले, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण मात्र सुटण्यासाठी उरला नव्हता. 2021 मध्ये करोनाच्या साथीत नागपूरच्या तुरुंगात तो मरण पावला.

मालेगावची 2006 ची कहाणी अधिक स्पष्ट आहे, कारण तेथे तपास यंत्रणांनीच एकमेकींना खोटे ठरवले. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तानाच्या परिसरात नमाजासाठी जमलेल्यांमध्ये स्फोट झाले आणि तिसाहून अधिक माणसे मेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम आरोपी उभे केले, त्यांच्यावर मकोका लावला आणि कलम 18 खालील कबुलीजबाबही सादर केले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने तपास हाती घेतल्यावर तिने पूर्णपणे वेगळ्या, हिंदू कट्टरवादी गटातील व्यक्तींवर आरोपपत्र ठेवले. ज्यांनी गुन्हा कबूल केल्याची कागदपत्रे न्यायालयात होती, त्यांना 2011 मध्ये जामीन मिळाला आणि 2016 मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. येथे विचार करावा असा मुद्दा हा की, कबुलीजबाबात घटनेचा तपशील असतो, कट कोठे शिजला, स्फोटके कोणी आणली हे सारे असते, आणि तरीही ते सारे न घडलेले असू शकते. 2008 च्या मालेगाव स्फोटात, ज्यात सहा जण मेले आणि आरोपी दुसऱ्या धर्माचे होते, मकोका लागू होतो की नाही यावरच वर्षे गेली, शेवटी तो वगळला गेला, त्याखालचे कबुलीजबाब निरुपयोगी झाले आणि खटला पुराव्याअभावी संपला. अशा कायद्याच्या दुष्परिणामाला जात आणि धर्म नसतो, एवढे तरी या दोन खटल्यांवरून सर्व पक्षांच्या सदस्यांना पटावे.

याच्या उलट उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात 166 जण मारले गेले. ते भय तीन दिवस टिकले. गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून हल्लेखोर अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. त्याचा खटला उभा राहिला तो कलम 18 च्या आधारे नव्हे. त्याचा कबुलीजबाब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, विचार करण्यास वेळ देऊन, साध्या कायद्यानुसार नोंदला गेला, त्याला वकील देण्यात आले, प्रत्यक्षदर्शी, छायाचित्रे आणि चित्रीकरणे तपासली गेली, आणि मे 2010 मध्ये, म्हणजे दीड वर्षात, निकाल लागला. उच्च न्यायालयाने तो 2011 मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केला. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले आणि तरीही मुख्य निकालाला कोठे धक्का लागला नाही. महाराष्ट्राने दहशतवादाविरुद्ध मिळवलेला हा सर्वांत भक्कम न्यायालयीन विजय आहे आणि तो हक्क शाबूत ठेवून मिळवलेला आहे.

यावर आक्षेप येतील आणि त्यांपैकी काही वजनदार आहेत. पहिला असा की कसाब बंदुकीसह पकडला गेला, तर बॉम्ब ठेवणारा तासाभरापूर्वीच गर्दीत मिसळून गेलेला असतो, तेथे साक्षीदार कोठून आणायचे? हे खरे आहे, आणि म्हणूनच 12 मार्च 1993 च्या, मुंबईत 257 बळी घेणाऱ्या स्फोटांचा दाखला दिला जाईल, कारण त्या खटल्यात टाडाखालील कबुलीजबाबांवर शिक्षा झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्यांतील बऱ्याच कायम केल्या. परंतु त्या तपासाचा धागा प्रथम हाती लागला तो वरळीत सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनमुळे. त्यानंतर रायगडच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या स्फोटकांपर्यंत पोलीस पोहोचले. तेथे कबुलीपूर्वी तपास झाला होता. जेथे कबुली हाती असते तेथे तपास करण्याची निकडच उरत नाही, आणि कलम 18 चा सर्वांत मोठा दोष हा आहे. क्रौर्याचा आरोप क्षणभर बाजूला ठेवला तरी, हे कलम पोलीस दलाला न्यायवैद्यक कौशल्य, दूरध्वनी नोंदींचे जतन आणि चिकाटीने केलेली विचारपूस यांपासून दूर नेते. दुसरा आक्षेप वैधतेचा. टाडातील अशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये कर्तार सिंग खटल्यात बहुमताने वैध ठरवली आणि मकोकाही न्यायालयात टिकला, हे निर्विवाद आहे. पण एखादी तरतूद घटनेच्या चौकटीत बसते याचा अर्थ ती शहाणपणाची आहे असा होत नाही. घटनात्मकता तपासणे न्यायालयाचे काम आहे आणि शहाणपण तपासणे विधिमंडळाचे.

सुरक्षेसाठी थोडे स्वातंत्र्य सोडावे लागते, असे भयभीत समाजाला पटवून देणे सोपे असते. विमानतळावर झडती देणे, स्थानकात पिशवी तपासू देणे हे प्रत्येक नागरिक स्वतःच्या बाबतीत मान्य करतो आणि ते योग्यही आहे, कारण तेथे देणारा आणि घेणारा एकच असतो. कलम 18 मध्ये तसे नाही. तेथे स्वातंत्र्य मुंब्रा, मालेगाव, भिवंडी किंवा अन्य कोठल्या मोहल्ल्यातील काही तरुणांचे जाते आणि सुरक्षिततेची भावना उरलेल्या सर्वांना मिळते. त्यातही ती केवळ भावना असते. लोकल स्फोटांत मुलगा, पती किंवा आई गमावलेल्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनंतर आज कोणी सांगू शकत नाही की बॉम्ब कोणी ठेवले, आणि निरपराध ठरलेल्यांना तारुण्य परत मिळणार नाही. पीडितांचे हित आणि आरोपींचे हक्क परस्परविरोधी असतात हा समज या खटल्याने खोटा ठरवला आहे. दोघांचेही एकाच कागदाने नुकसान केले.

म्हणून विधिमंडळाकडे विनंती अशी की, कलम 18 रद्द करणारे विधेयक येत्या अधिवेशनात मांडले जावे आणि प्रलंबित खटल्यांत त्याखालील कबुलीजबाब अन्य स्वतंत्र पुराव्याशिवाय शिक्षेचा आधार होऊ नयेत अशी तरतूद त्यात असावी. चुकीच्या खटल्याने ज्यांची वर्षे गेली त्यांना भरपाई देण्याची वैधानिक व्यवस्था असावी अशी शिफारस भारतीय विधी आयोगाने 2018 च्या आपल्या 277 व्या अहवालात केली आहे. केंद्राची वाट न पाहता राज्याने आपल्यापुरती ती अमलात आणावी, कारण आजच्या फौजदारी संहितेत निष्कारण अटकेबद्दल मिळू शकणारी 1000 रुपयांपर्यंतची रक्कम ही भरपाई म्हणता येत नाही. 2006 च्या दोन्ही घटनांचा तपास कोठे आणि का भरकटला, याची चौकशी उभय सभागृहांच्या संयुक्त समितीने करावी, तिच्यासमोर स्फोटांतील पीडितांच्या कुटुंबीयांना आणि सुटलेल्या आरोपींना सारख्याच मानाने ऐकून घेतले जावे, आणि त्या चौकशीचा अहवाल सभागृहात चर्चिला जाईपर्यंत जनसुरक्षेच्या नव्या कायद्याखाली कोणत्याही संघटनेविरुद्ध कारवाई होऊ नये.

कळावे.