अजिंठ्याचा पाऊस कोणी मोजावयाचा?

गोव्याहून निघालेली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमभूमीवर उतरली. आज तेथे ‘मैत्री’ व ‘भारती’ ही आपली केंद्रे आहेत. ध्रुवप्रदेशात माणसाला जेथे बारमाही राहणे अशक्य, तेथे स्वयंचलित यंत्रे वारा, तापमान व वायुभार टिपतात आणि नोंदी उपग्रहामार्फत धाडतात. एखादे यंत्र बर्फात गाडले गेले तर शास्त्राची हानी होते. कोणाची चूल विझत नाही.

याच जातीची यंत्रे महाराष्ट्रातही उभी आहेत आणि त्यांच्या आकड्यांवर मात्र संसार अवलंबून आहेत. २०१७ मध्ये ‘महावेध’ प्रकल्पाखाली शासनाने स्कायमेट या खासगी कंपनीच्या भागीदारीत महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक हवामान केंद्रे उभारण्याचे ठरविले. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, हा मदतीचा रूढ निकष. फळपिकांच्या हवामानाधारित विम्यात तर बागेची पाहणी गौण. भरपाई ठरते ती केंद्राच्या नोंदीवरूनच.

सिल्लोड तालुक्यातील अजिंठा मंडळाचे उदाहरण घ्यावे. पठार संपून घाट फर्दापूरकडे उतरतो, तो हा मुलूख. डोंगरकडेचा पाऊस सरळ रेषेत पडत नाही. एका शिवारात मका आडवा व्हावा आणि दोन कोसांवर रस्ताही भिजू नये, हे तेथील शेतकऱ्याला नवे नाही. एका खांबावरील पर्जन्यमापक याचा निवाडा कसा करणार? त्यातही यंत्राची रचना नाजूक. नरसाळ्यातून पाणी दोन चिमुकल्या पन्हाळ्यांच्या तराजूत पडते. तो जितक्या वेळा कलतो तितका पाऊस मोजला जातो. नरसाळ्यात पालापाचोळा वा पक्ष्याची विष्ठा अडकली, की मुसळधार पाऊसही कागदावर रिमझिम ठरतो. शेजारी झाड वाढले तरी तेच.

यंत्र नको, असा याचा अर्थ नव्हे. तलाठ्याच्या नजरअंदाजापेक्षा, आणि पुढाऱ्याच्या शिफारशीपेक्षा तर निश्चितच, यंत्र बरे. पण ज्या आकड्यावर पैसा वाटला जातो तो आकडा एक प्रकारचे चलनच होय, आणि चलनाची पारख करण्याचा अधिकार घेणाऱ्याला हवा. मंडळनिहाय पाऊस रोज प्रसिद्ध होतो, एवढ्याने भागत नाही. केंद्राची शेवटची तपासणी कधी झाली, किती तास नोंद खंडित होती व ती जागा कोणत्या आकड्याने भरली, हे चावडीवर लागले पाहिजे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ योजना आणून ग्रामपंचायतपातळीवर पर्जन्यमापक बसविण्याचे धोरण स्वीकारले. दिशा योग्य आहे. मात्र यंत्रे दसपटीने वाढली, की देखभालही तितकीच वाढते. आणि अंदाजपत्रकात उद्घाटनाला तरतूद असते, झाडलोटीला नसते. गावच्या शाळेत साधे, हाताने मोजावयाचे पर्जन्यमापक ठेवून शिक्षकाच्या सहीची रोजची नोंद यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिली, तर खर्च नाममात्र येईल. दोहोंत तफावत पडली तर कोणता आकडा ग्राह्य, याचा नियम मात्र पेरणीपूर्वीच ठरला पाहिजे. दावे दाखल झाल्यावर नव्हे.