माझ्या नावानं कोण बसलं होतं?

मागच्या वेळी चोपडापूजनाविषयी लिहिलं, तर काहींनी विचारलं, ‘अहो, चोपडे उरलेत कुठे आता?’ खरं आहे. आमच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्याचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवरच असतो. त्याचीच ही गोष्ट.

सॉफ्टवेअरची वर्गणी दर माणशी. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तिघांचे पैसे कशाला भरायचे? तुमच्या नावानं एक घेऊ, पासवर्ड सगळ्यांकडे ठेवू.” मीही मान डोलावली. तेव्हापासून मी, भाऊजी आणि स्टोअरचा मुलगा, तिघंही माझ्याच नावानं आत जात होतो.

जूनमध्ये ऑडिटरांनी एक बिल पुढे ठेवलं. दर कमी केलेला, तोही रात्री पावणेबाराला. आमची प्रायव्हेट लिमिटेड. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद राहावी लागते, ती बंद करता येत नाही. नोंद अगदी चोख होती. बदल करणारी व्यक्ती: मी! तारीख आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. त्या रात्री मी दहालाच आडवी झाले होते.

मग नजर कुणाकडे जाणार? मीच त्या मुलाला बाजूला बोलावून विचारलं, “बेटा, चुकून हात लागला का?” गोड विचारलं म्हणून अर्थ थोडाच बदलतो. तो एवढंच म्हणाला, “ना, बेन.” दुसऱ्या दिवसापासून तो डबा एकटाच खाऊ लागला.

आठवड्यानं भाऊजींना आठवलं. गिऱ्हाइकाच्या फोनवरून त्यांनीच घरबसल्या दर सुधारला होता. दुरुस्ती रास्त होती, फक्त कुणाला सांगितली नव्हती.

आता तिघांच्या तीन वर्गण्या भरतो. ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर तर कर्मचाऱ्यांचे वेगळे सब-युजर फुकट काढता येतात. तिथंही आम्ही माझ्या फोनवरचा ओटीपी कारखानाभर ओरडून सांगत होतो!

भाऊजींनी त्याची माफी मागितली, मीही मागितली. जेवायला तो पुन्हा आमच्यात बसतो. पण कॉम्प्युटरवर केलेली प्रत्येक नोंद तो वेळेसकट एका वहीतही लिहून ठेवतो. ती वही बंद कर, असं त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही.