एरंडाचे गुऱ्हाळ आणि एक न तपासलेला शब्द

खनिज इंधनाला पर्याय शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम आणि त्या पर्यायाची कसोटी घेणे हे अभियंत्यांचे; साहित्याच्या अभ्यासकाचा तेथे काय संबंध, असा प्रश्न सहज विचारला जातो. मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, हकीकत पाहिली म्हणजे हा संबंध ध्यानात येतो.

३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के जैवडिझेल मिसळलेल्या इंधनावर धावली. इंजिनाची परीक्षा यशस्वी झाली. पुढच्याच वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीची शिफारस केली; आरंभ ४ लाख हेक्टरांपासून व्हावयाचा होता. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठरविले. प्रत्यक्षात कोरडवाहू रानात पुष्कळ ठिकाणी हेक्टरी एक टनही बी हाती आले नाही, आणि २०१८ च्या धोरणात जैवडिझेलचे उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर उतरले. रस न निघणाऱ्या खटाटोपाला मराठीत 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतात. येथे तो वाक्प्रचार जवळजवळ अक्षरशः खरा ठरला.

तेल तपासले गेले, इंजिन तपासले गेले. तपासावयाचा राहिला तो 'पडीक जमीन' हा शब्द. सारा हिशेब त्याच्यावर उभा होता. हा शब्द आज ज्या अर्थाने योजनांत वावरतो तो अर्थ महसुली दप्तराने घडविलेला आहे. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती इंग्रजी अमलात ओसाड ठरली. गावाची भाषा त्याच जमिनीला गायरान म्हणते, कुरण म्हणते. तिची नावे वापरावरून पडलेली असतात. मोगली एरंडाला गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणूनच शेतकरी तो कुंपणाला लावीत आले. कुंपणाचे झाड गायरानात नेणे म्हणजे चराई बंद करणे होय, हे त्या बोलीतील कोणीही सांगू शकला असता.

येथे पर्यायी ऊर्जेला विरोध करावयाचा नाही. कोळशाच्या खाणींनीही रानेच गिळली आहेत, आणि पर्याय तर हवाच. परंतु पर्यायाची कसोटी प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाही. तो ज्या भूमीवर उभा राहणार तिचे वर्णनही कसोटीला लागले पाहिजे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. जैसलमेरच्या परिसरात सौर व पवनऊर्जा प्रकल्पांवरून जो वाद चालला आहे त्याच्या मुळाशी 'ओरण' हा शब्द आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. आपल्या देवराईचा तो सख्खा भाऊ. यांतील पुष्कळ ओरणे दप्तरात मात्र पडीक म्हणूनच नोंदली गेली आहेत. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासकांनी आपापल्या भाषांतील भूमिवाचक शब्द अर्थांसह आणि वापरासह एकत्र नोंदवावेत, असे प्रस्तुत लेखकास सुचवावेसे वाटते. असा कोश २००३ मध्ये हाताशी असता, तर 'पडीक' हा शब्द इतक्या सहजासहजी खपला नसता.