जैन पनीर म्हणे!



हॉटेलात बसलं की आपण वेटरला बजावतो, "कांदा नको, लसूण नको, बटाटा नको." आणि मागवतो काय? जैन पनीर बटर मसाला! कंदातल्या जीवांची दया येते, मग वासराची का येत नाही? गाय व्याल्याशिवाय दूध नाही, आणि डेअरीच्या हिशेबात गोऱ्हा म्हणजे निव्वळ खर्च. मी कॉमर्स शिकलेय. तोट्याच्या खात्याचं पुढे काय होतं, ते मला कळतं. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं, हाही हिशेब करा.

"आजीसुद्धा दूध घ्यायची," म्हणाल. घ्यायची, पण तिच्या गोठ्यात आधी वासरू प्यायचं.

व्हीगन म्हणजे परदेशी खूळ, असंही म्हणू नका. दूध, दही, तूप सोडणं आपल्याच रसपरित्यागात आहे. दशलक्षण पर्वात जमतं, ते एरवी का जमू नये?

माझं आवडतं ताट म्हणजे ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. बाहेर गेले तर खानावळीत बिनकांद्याचं पिठलं सांगते. पुरणपोळीवरचं तूप अजून सुटलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण पनीर सुटलं. पुढच्या खेपेला तुम्हीही वेटरला सांगा, "पनीरही नको."