कडा म्हणजे कागद नव्हे

चीनमधील कड्यांवरच्या कोरीव लेखांची समीक्षा दीर्घकाळ एका गृहीतकावर उभी आहे: अक्षराची शैली म्हणजे लिहिणाऱ्या हाताची, पर्यायाने व्यक्तिमत्त्वाची, अभिव्यक्ती. र्वान युआन (१७६४–१८४९) याने उत्तरेचे शिलालेख आणि दक्षिणेची पत्रे अशा दोन परंपरा कल्पिल्या. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कांग यौवेइने वांग शीजीच्या परंपरेतील, पुनःपुन्हा नकललेल्या पत्रांहून शिलालेखांना श्रेष्ठ ठरविले. दरबारी अभिरुचीविरुद्धचे हे बंड मोलाचे होते. परंतु त्याने दैवत बदलले, पूजाविधी तोच ठेवला. नाजूक हाताच्या जागी रांगडा हात आला. हाताचे माहात्म्य अबाधित राहिले.

हे माहात्म्य किती पोकळ आहे, हे शिमेन येथील इ. स. १४८ च्या प्रशस्तिलेखावरून दिसते. हानजोंगजवळ डोंगर फोडून नेलेला बाओश्ये मार्ग पुन्हा खुला व्हावा म्हणून यांग मंगवन या अधिकाऱ्याने राजदरबारी आग्रह धरला होता. त्याचा गौरव करणारा हा लेख हानजोंगचा प्रशासक वांग शंग याने त्याच मार्गावरील बोगद्याच्या भिंतीवर कोरविला. त्यातील ‘आदेश’ या अर्थाच्या अक्षराचा उभा दंड खालपर्यंत लांब ओढलेला आहे. रसिकांना त्यात मुक्त प्रतिभेचा आविष्कार दिसतो. परंतु १९३० मध्ये ज्यूयेन येथे सापडलेल्या हानकालीन लाकडी पट्ट्यांवरही असे लांबविलेले दंड आढळतात. ती सीमेवरील ठाण्यांतल्या कारकुनांची लेखनरूढी होती. प्रतिभा म्हणून जिची पूजा होते, ती येथे कचेरीची सवय ठरते.

छी गोंग (१९१२–२००५) यांनी छिन्नीच्या धारेपलीकडे पाहून कुंचल्याची धार ओळखावी, असे सांगितले. शिकणाऱ्याला हा उपदेश उपकारक आहे. समीक्षेला तो घातक आहे. छिन्नी, खडकाचा पोत आणि शतकांची झीज वजा केल्यावर उरते ती लेखाची शैली नसून समीक्षकाची कल्पना असते. शिवाय ही वजाबाकी होते ती बहुधा ठशावरून. ओला कागद दगडावर दाबून त्यावर शाई थापली की कोरलेली अक्षरे पांढरी उमटतात आणि कडा नाहीसा होतो. ज्याला शुद्ध संहिता म्हटले जाते, ती या तंत्राची निर्मिती आहे.

येथे प्रश्न केवळ सुलेखनाचा नाही. हा लेख ज्या रस्त्याची स्तुती करतो, त्याच रस्त्यावरून चालणारा तो वाचत असे; प्रशस्तीचा पुरावा वाचकाच्या पायाखाली होता. १९७० च्या सुमारास धरणाच्या पाण्यात बोगदा बुडणार म्हणून लेख कापून हानजोंगच्या संग्रहालयात हलविण्यात आला. दगड वाचला, हे योग्यच झाले. परंतु समीक्षेने हे स्थलांतर ठशांच्या आधारे कितीतरी आधीच उरकले होते, आणि त्यासाठी तिच्यावर कोणत्याही पुराची सक्ती नव्हती. स्थळ, साधन आणि श्रम यांना संहितेबाहेर ठेवणारी स्वायत्तता ही संहितेचा गुण नव्हे. ती वाचनाने संहितेवर लादलेली दरिद्रता आहे.