राधिकेचा संसार आणि प्रेक्षकांचा कौल

झी मराठी वाहिनीवर २०१६ ते २०२१ या काळात चाललेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या विनोदी वळणाच्या मालिकेने घरोघरी पंचायती बसविल्या. आष्ट्यासारख्या गावातही गुरुनाथ, राधिका आणि शनाया यांचा विषय निघाला की दोन तट पडतात. ‘असल्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी सोडायला हवे होते,’ असे एक पक्ष म्हणतो. ‘मुलाकडे पाहून संसार सावरावा,’ असे दुसरा. गुरुनाथच्या फजितीवर हसतात मात्र दोघेही.

या वादात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. सोडायचे, ते कोणत्या बळावर? राधिकेला लेखकाने मसाल्यांचा व्यवसाय मिळवून दिला, म्हणून तिचा स्वाभिमान तगला. प्रत्यक्षातील गृहिणीच्या पाठीशी असा लेखक नसतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात खर्ची पडतात. ते करणाऱ्या पुरुषांची ९७. या श्रमांची राष्ट्रीय उत्पन्नात नोंद नाही. २००१ च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी व कैदी यांच्या पंक्तीला बसविले, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तीव्र नापसंती नोंदविली होती.

राधिकेने काय करावे, हे सांगणे सोपे आहे. घर कोणाच्या नावावर आणि बँकेतील खाते कोणाचे, हे प्रेक्षकांनी आपल्याच घरात विचारून पाहावे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, तोवर ‘सांभाळून घे’ या उपदेशामागे सक्तीच उभी असते.